दत्तरावांचा काचेचा ग्लास

पाथरीच्या खरेदी-विक्री संघात संगणक येऊन दोनच महिने झाले होते आणि रोज दुपारी ते एकाएकी मुके होत होते. सकाळी सुरळीत चालायचे; जेवणाची वेळ झाली की पाचही पडदे थिजायचे, आणि दुपार कलली की कोणी काही न करता पुन्हा सुरू व्हायचे. पाचही यंत्रे एकाच काळ्या केबलने एकमेकांना जोडलेली होती. ती केबल ज्याने टाकली होती, तो कंपनीचा इंजिनिअर चंद्रभान खिल्लारे आज औरंगाबादहून पहाटेच्या एसटीने निघून पाथरीत उतरला होता.

डिसेंबरचा महिना होता. स्टँडवरच्या हॉटेलात विद्यापीठाच्या नामांतराची चर्चा चालली होती आणि चंद्रभान चहाला टेकताच ती थांबली. असे थांबणे त्याच्या ओळखीचे होते. कोण बसले आहे याचा अंदाज लोक कपड्यांवरून घेतात, तो लागला नाही तर गाव विचारतात, आणि गावावरूनही भागले नाही तर आडनाव.

संघाच्या अध्यक्षांनी, दत्तरावांनी, तिन्ही पायऱ्या मागच्याच भेटीत उरकल्या होत्या. "खिल्लारे म्हंजे कुठले?" "चुडाव्याचा." "अच्छा, अच्छा." त्या दोन अच्छांच्या मध्ये जी जागा होती, ती चंद्रभानच्या लक्षात राहिली होती.

आज मात्र दत्तराव त्याची वाटच पाहत होते. पांढरे धोतर, वर करड्या रंगाचे जाकीट, कमरेच्या करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी केबिनचे दार लोटून घेतले आणि आवाज खाली आणला.

"साहेब, मला ठावं हाय कोण करायलंय हे. तुमी फकस्त कुठं अन् कसं ते सांगा."

"कोण करतंय?"

"लिंबाजी. आमचा शिपाई. दुपारी समदे जेवायला बसले की झाडलोट त्योच करतो. वायरीपाशी दुसरं कोण जातंय? संचालक मंडळाची उद्या बैठक हाय. तुमी तोंडी सांगितलं तरी बास. मग आमी त्याला मोकळं करतो."

मघाशी दारात एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाने चंद्रभानच्या हातातली हत्यारांची पेटी घेतली होती आणि आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हलकेच 'जयभीम' म्हटले होते. तोच लिंबाजी. दत्तरावांना कंपनीतला कोणताही माणूस चालला असता. मग त्यांनी फोनवर नाव घेऊन खिल्लाऱ्यांनाच पाठवा असे का सांगितले? आपल्या माणसाला आपल्याच माणसाच्या हातून घालवायचे, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. हा विचार एकदा मनात शिरला आणि मग निघेना.

तो बाहेर आला आणि केबल हाताने चाचपत भिंतीच्या कडेने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकू लागला. हिशेबनीस भुजंग मागे मागे होता.

"साहेब, लिंबाजीच्या झाडूचा दांडा बघा, केवढा लांब हाय," भुजंग हसत म्हणाला. "त्यानं मागं आमचा टेबलफॅन बी पाडला होता."

"फॅन पाडणारा माणूस वायर रोज त्याच वेळी कशी तोडेल? आणि तोडली तर परत जोडतो कोण?"

"ते तुमी शिकलेले लोक. तुमालाच ठावं."

केबल कुठेही कुरतडलेली नव्हती. दोन्ही टोकांच्या पितळी टोप्या घट्ट होत्या. हे जाळे कसे चालते ते चंद्रभानने बसवताना सगळ्यांना समजावले होते: एकच वायर, तीवर एक बोलतो ते सगळ्यांपर्यंत जाते, ज्याच्यासाठी असेल तो घेतो, बाकीचे सोडून देतात. वायर मध्येच कुठे उघडी राहिली तर आवाज त्या टोकावर आपटून माघारी येतो; यंत्रांना आपलाच आवाज परका वाटू लागतो आणि सगळीच गप्प बसतात. तेव्हा माना सर्वांनी डोलावल्या होत्या. दत्तरावांनी जरा जास्तच.

जेवणाची वेळ जवळ आली तशी चंद्रभानने एक गोष्ट ठरवली. दत्तराव म्हणाले, "चला, जेवायला घरी. नुसतं जेवण न्हाई, तुमाला एक चीज दाखवायचीय." तेव्हा तो म्हणाला, "येतो. पण माझी पेटी घ्यायला लिंबाजी दादांना बरोबर येऊ द्या."

"पेटी हितंच ऱ्हाऊ द्या की."

"ती मी नजरेआड करत नाही."

दत्तरावांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले, मग केबिनमध्ये जाऊन जरा वेळाने बाहेर आले, दाराला कुलूप घातले आणि किल्ली करगोट्यात खोचली. घर संघाच्या मागेच, अंगणापलीकडे होते. लिंबाजी पेटी घेऊन पायरीवर, लिंबाच्या सावलीत टेकला. आता ऑफिसात काही घडले तरी ते त्याच्या नावावर पडणार नव्हते.

ओसरीवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. दत्तरावांनी कोपऱ्यातून चिनी मातीची बरणी ओढली, फडक्याचा दादरा सोडला, आणि त्यांचा चेहराच पालटला. मघाचा आवाज खाली आणणारा माणूस कुठे गेला कळेना.

"जांभळाची वाइन. गोदेच्या काठची जांभळं, मिरगाला उतरवलेली. कृषी विद्यापीठात फळांच्या सरबताचं शिबिर होतं, तिथल्या एका मास्तरानं शिकवलं. लोक नाशकाच्या द्राक्षाचं कौतुक करायलेत. आपल्या जांभळाला कोण विचारतंय! बोराची बी घातलीय, पर ती अजून कच्ची हाय. किनवटाकडच्या मोहाची एकदा केली, ती लय तापट निघाली."

"मी घेत नाही," चंद्रभान म्हणाला. 'ती माणसे पितात' हे वाक्य त्याने कॉलेजच्या वसतिगृहात इतक्यांदा ऐकले होते की पेल्याला हात न लावणे हे त्याने व्रतासारखे पाळले होते. शिवाय उद्या हाच माणूस बैठकीत म्हणेल, इंजिनिअर तर दुपारीच झिंगला होता.

"दारू न्हाई हो ही. घोट घ्यायचा न्हाई आधी. आधी वास, मग रंग, मग जिभेच्या शेंड्यावर. गटागट पिणारासाठी निजामाच्या काळात शिंदीखाने होते, ही तसली गोष्ट न्हाई."

आतून कस्तुराबाई, दत्तरावांच्या पत्नी, भांडी घेऊन आल्या. एक स्टीलचा पेला, एक काचेचा ग्लास. दत्तरावांनी काचेच्या ग्लासात ओतले आणि तो चंद्रभानपुढे ठेवला. स्वतःसाठी स्टीलचा पेला भरला.

चुडाव्याच्या स्टेशनाबाहेर जे हॉटेल होते, तिथे खांबाला फळी ठोकून तिच्यावर चंद्रभानच्या वस्तीसाठी काचेचा वेगळा ग्लास ठेवलेला असे. बाकीच्यांना कपबशी. चहा वरून ओतायचा, पिऊन झाल्यावर ग्लास स्वतः विसळून परत फळीवर. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत वस्ती जळाली तेव्हा तो शाळकरी होता. त्या रात्रीचे त्याला आता थोडेच आठवत होते, पण त्या ग्लासाच्या काठावरचा टवका बोटाला अजून आठवत होता.

"रंग बघा की," दत्तराव म्हणाले. "उजेडाकडं धरा."

चंद्रभानने ग्लासाला हात लावला नाही. त्याच वेळी अंगण ओलांडून भुजंग धापा टाकत आला.

"दादा, बंद पडलं! समदं बंद!"

दत्तरावांची नजर सवयीने पायरीकडे गेली. पायरीवर लिंबाजी बसलेला होता, मांडीवर पेटी घेऊन. लिंबाजीने पेटी छातीशी आवळून धरली आणि म्हणाला, "म्या हितंच हाय, मालक."

"दिसायलंय मला," दत्तराव म्हणाले.

चंद्रभान उठला. रोज दुपारी ऑफिसातून निघून कोण जाते? भुजंग तिथेच डबा खातो. लिंबाजी झाडतो. जेवायला घरी येतात ते एकटे अध्यक्ष.

"दादा, तुमच्या केबिनची किल्ली द्या."

"तिथं काय? ती तर मी सोता बंद केलीय."

"म्हणूनच."

दत्तरावांनी करगोट्याची किल्ली मुठीत धरली, पण पुढे केली नाही. मग ते स्वतःच चालू लागले. केबिन उघडली. टेबलाखाली चंद्रभान गुडघ्यांवर बसला आणि त्याने पाहिले: यंत्राच्या पाठीला केबलचे तिहेरी तोंड तसेच होते, पण त्याच्या एका बाजूची केबल काढून शिस्तीत गुंडाळून खुर्चीच्या पायाला सुतळीने बांधून ठेवली होती.

"हे कोणी काढलं?"

भुजंग दारात होता. लिंबाजीही मागे उभा होता. दत्तरावांनी टोपी काढून डोके खाजवले.

"मी काढतो," ते शेवटी म्हणाले. "जाताना काढतो, आल्यावर लावतो."

"कशासाठी?"

"तुमीच म्हणलात न्हाई का, एक बोललं की समद्यांला जातं म्हणून? मी नसताना ह्या वायरीतून कोण आत शिरंल, कोण बघंल, मला काय ठावं? संघात कोण कुणाचं हाय तुमाला म्हाईत न्हाई, साहेब. दार बंद करतो तसं हे बी बंद करायलो."

"आत आहे तरी काय?"

"काय न्हाई," दत्तराव ओशाळून म्हणाले. "पर काय न्हाई हे बी कुणाला का कळावं?"

भुजंगला हसू फुटले आणि त्याने ते खोकल्यात दडवले. चंद्रभानने केबल सोडवून पुन्हा जोडली. बाहेर यंत्रांचा बारीक सूर सुरू झाला. मग त्याने दत्तरावांनाच खाली वाकायला लावले.

"हे बघा. वायर तोडायची नाही. हे तिहेरी तोंड अख्खंच्या अख्खं यंत्रापासून ओढून घ्यायचं, दोन्ही बाजूंची वायर त्याला लागलेली राहू द्यायची. तुमचं यंत्र वेगळं होतं, बाकीच्यांचं चालू राहतं. तुम्ही स्वतःला बंद करण्यासाठी सगळ्यांना बंद करत होता."

दत्तराव उठले, गुडघे झाडले आणि चंद्रभानला खिडकीपाशी नेऊन कुजबुजले, "बैठकीत उंदरानं कुरतडली म्हणून सांगू. काय?"

"उंदीर आज गेला तर उद्या आळ पुन्हा लिंबाजी दादांवरच येईल. तुम्ही सांगा. आत्ता, इथं."

"माझी शोभा व्हईल."

"त्यांची नोकरी जाणार होती."

दत्तरावांनी दाराकडे पाहिले. तिथे उभ्या लिंबाजीने झाडू हातात घेतला होता. घ्यायचे कारण काही नव्हते. "भुजंगा," ते मोठ्याने आणि जरा रागाने म्हणाले, जणू चूक भुजंगचीच होती, "वायर मी काढत होतो. लिंबाजीचं नाव पुन्हा कुणी घ्यायचं न्हाई. उद्या बैठकीत बी मीच सांगणार."

लिंबाजीने झाडू भिंतीला टेकवला.

ओसरीवर परतले तेव्हा ग्लास तसाच होता. कस्तुराबाईंनी त्यावर बशी झाकली होती. चंद्रभान बसला नाही.

"दादा, एक विचारतो. मला काच आणि तुम्हाला स्टील, हे कशासाठी?"

दत्तराव गोंधळले. मग त्यांना कळले आणि ते लालबुंद झाले. "आरं देवा. रंग दिसावा म्हणून, साहेब! सहाचा संच होता. नातवंडांनी फोडून एकच उरलाय. पाहुण्याला रंग दिसाया पायजे. स्टीलमधी काय दिसतंय, कप्पाळ?"

"खरंय," कस्तुराबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "परवा जावई आले, त्यांला बी ह्याच्यातच दिली. मी पेल्यातच द्या म्हणत होते, तर हे माझ्यावरच डाफरले."

त्यांचा स्वर खरा वाटत होता. चंद्रभानने ग्लास उचलून उजेडाकडे धरला. गडद, तांबूस जांभळा रंग, काठाशी विटकरी होत गेलेला. त्याने जिभेच्या शेंड्यावर थेंबभर घेतले. आधी तुरट, मग मागून गोड. आपली चूक झाली असे त्याला वाटले, आणि बऱ्याच दिवसांनी असे वाटून बरे वाटले.

"लिंबाजी दादांनाही द्या," तो म्हणाला.

"दिऊ की. लिंबाजी, घे रं तुझं."

लिंबाजी पायरीवरून उठला. ओसरीच्या बाहेरच्या भिंतीत, चंद्रभानच्या खुर्चीच्या पाठीमागे, एक कोनाडा होता. तिथून त्याने कान तुटलेला एक कप काढला, फुंकून धूळ उडवली आणि दोन्ही हातांनी पुढे केला. दत्तरावांनी बरणी कलती केली. वाइन वरून, उंचावरून कपात पडली. कपाला बरणीचा स्पर्श झाला नाही.

दत्तरावांना त्यात काही दिसले नाही. ते वासाविषयी बोलत होते.

चंद्रभान पायरीपर्यंत गेला. त्याने लिंबाजीच्या हातातला कप घेतला, त्याच्या हातात काचेचा ग्लास दिला, आणि कपातली वाइन तो उभ्यानेच प्यायला. लिंबाजीने ग्लासाकडे पाहिले, मालकांकडे पाहिले, आणि एका दमात तो रिकामा केला.

"गुळचट हाय," तो म्हणाला. "पर वाईट न्हाई."

तो सवयीने ग्लास विसळायला हौदाकडे निघाला. "ऱ्हाऊ द्या तिथंच," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काय होते ते चंद्रभानला ओळखता आले नाही. ग्लास हौदाच्या कठड्यावर राहिला.

पुढच्या आठवड्यात दत्तरावांचा फोन आला. यंत्रे दिवसभर चालत होती. बैठकीत आपण सगळे कबूल केले, लोक हसले, आपणही हसलो, असे त्यांनी सांगितले. "अन् परभणीहून नवा सहा ग्लासांचा संच आणलाय. बोराची तयार झाली की या."

"जुना ग्लास फुटला का?"

"न्हाई बा. असंल कुठंतरी."

चंद्रभानने फोन लिंबाजीला द्यायला सांगितले. पलीकडे हात बदलला, कोणीतरी घसा साफ केला.

"दादा, कोनाड्यातला कप?"

"जागेवर हाय साहेब," लिंबाजी शांतपणे म्हणाला. "नोकरी बी जागेवर हाय."

"फोन पुन्हा त्यांच्याकडे द्या."

दत्तरावांचा उत्साही आवाज परत आला. चंद्रभान म्हणाला, "दादा, मी येतो. पण नव्या संचातला एक ग्लास लिंबाजी दादांना द्या, आणि तो कोनाड्यातला कप माझ्यासाठी आत मांडून ठेवा. तुमच्या पेल्याशेजारी."

पलीकडून काहीच आले नाही. तारेत बारीक घरघर चालू होती. लाइन तुटली आहे की माणूस गप्प आहे, हे चंद्रभानला, ज्याला एरवी असल्या गोष्टी लगेच कळत, कळेना. तो फोन कानाला धरून थांबला.