आधी दूध, मग उपदेश

सुज्ञ वाचक बंधूंनो आणि भगिनींनो, सेवा करूनही मनुष्य आनंदाला का मुकतो, याविषयीची एक कथा मी आपणांसमोर नम्रपणे ठेवीत आहे.

बहात्तरचा दुष्काळ होता. पाथर्डीकडील एका गावी उपदेशक रखमाजी ख्रिस्तमंदिराच्या ओट्यावर भुकटीचे दूध वाटीत असत. दूध सर्व जातिधर्मांच्या लेकरांसाठी होते. परंतु अगोदर गीत, प्रार्थना व उपदेश, मगच पेला, असा नियम रखमाजींनी स्वतःच घातला होता. एवढे कष्ट करूनही त्यांचे चित्त प्रसन्न नसे. लोकांचे लक्ष वचनाकडे नसून पातेल्याकडे असते, या विचाराने ते रोज चिडत.

एके सकाळी उपदेश लांबला. दुधासाठी आलेल्या लंकाबाईचे तापाने मलूल झालेले लेकरू रडू लागले.

"बाई, त्याला गप्प करा. देवाचे वचन चालू आहे!"

"पोटात काय न्हाई, गप कसं बसंल? मला खडी फोडाया जायचंय. उशीर झाला तर मुकादम हजेरी लावायचा न्हाई."

"दूध उपदेशानंतरच मिळेल!"

लंकाबाई उठली. "ऱ्हाऊ द्या! तुमचा देव चांगला असंल वो, पर तुमी लई वाट बघाया लावता!"

मागे कोणीतरी फिसकन हसले. ती लेकराला कडेवर घेऊन तशीच निघून गेली.

रखमाजी संतापून घरात आले. "ऐकलंस? उपकाराची जाणीव नाही लोकांना!"

पत्नी झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, प्रभूनं सरोवराच्या काठी काय केलं? रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांसाठी विस्तव पेटवला, मासळी भाजली. जे विचारायचं ते न्याहारी झाल्यावर विचारलं. तुम्ही मात्र भुकेल्या लेकराला दुधाचं मोल म्हणून उपदेश ऐकायला लावता."

"मग काय उपदेश सोडून देऊ?"

"सोडू नका. ज्याला ऐकायचं तो पेला खाली ठेवून बसेल. पण त्या लेकराला काही झालं, तर कोणत्या तोंडानं ओट्यावर उभे राहाल?"

हे शब्द रखमाजींच्या काळजात रुतले! त्यांनी किटली भरली, एक पेला घेतला आणि भर उन्हात खडीचे काम गाठले.

लंकाबाईने हातोडा खाली ठेवला. "आता हितंच गानं म्हनायचं का काय?"

बाया खदाखदा हसल्या.

"नाही बाई. माझं चुकलं. आधी लेकराला पाजा."

लेकरू दोन्ही हातांनी पेला धरून गटागटा दूध प्याले, आणि त्याने रिकामा पेला पुन्हा रखमाजींपुढे केला. रखमाजींना एकाएकी हसू फुटले!

"आगं बया! सायबास्नी हसता बी येतंय की!" लंकाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर आधी दूध सुरू झाले. मंडळीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "अशानं ऐकायला कोण थांबणार?"

"जो थांबेल तो. दूध मात्र सगळ्यांना!" रखमाजी ठामपणे उत्तरले.

पुष्कळ लोक पिऊन कामावर गेले, थोडे बसले. त्या थोड्यांपुढे रखमाजी इतक्या उल्हासाने बोलले की, आपण नियम मोडून काही गमावले असे त्यांना क्षणभरही वाटले नाही.

तात्पर्य, बंधूंनो, सेवेला अट घातली की तिचा व्यापार होतो. अट काढली की आनंद आपण होऊन येतो. आपणही आजच आपल्या सेवेतील अट शोधून काढू या!

ही कथा वाचण्याची तसदी घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी,
बन्सी शलमोन भिंगारदिवे