गालावरची सावली

सुब्राय हेगडेंनी आपल्या लग्नाचा फोटो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "यातून आम्हा दोघांना काढ, देवीला तेवढी ठेव."

फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा. नवरा-नवरी रथासमोर उभी, मागे रथाच्या दर्शनी फळीवरची महिषासुरमर्दिनी. यंदा रथ बाहेर काढला तेव्हा ती फळी वाळवीनं आतून खाल्लेली निघाली. हात लावला तिथे भुगा. हेगडे देवस्थान समितीचे अध्यक्ष. त्यांनी गावभर विचारलं, पण त्या फळीचा दुसरा फोटो कुणाकडे नव्हता. समितीतल्या चौघांचं म्हणणं, यंदा नुसती रंगवलेली फळी लावू, कोरायचं पुढच्या वर्षी बघू. हेगडे हटून बसले की सागर गावात मंजप्पा गुडिगारांची मुलगी नागवेणी आहे, ती फोटोवरून करून देईल. रथोत्सवाला अठरा दिवस होते.

मंजप्पा माझे अप्पा. मूळची फळी त्यांच्या वडिलांनीच कोरलेली. अप्पांचा उजवा हात तीन वर्षांपूर्वी लकव्यानं गेला आणि त्यानंतर मी कोरीव कामाचं मशीन घेतलं. ते रागावले नाहीत, पण मशीनच्या शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. घर आणि शेड यांच्यामध्ये फक्त एक अंगण.

मशीनला चित्र कळत नाही. त्याला कळतं ते इतकंच, की कुठल्या जागी किती खोल जायचं. लोकांना वाटतं, फोटो टाकला की मूर्ती बाहेर येते. तसं करणारं सॉफ्टवेअर आहेही; पण ते काळं दिसेल ते खोल धरतं आणि उजळ दिसेल ते उंच. तेलाची काजळी बसलेल्या नाकाचा खड्डा होतो आणि उन्हात चमकणाऱ्या कोपराचा डोंगर. म्हणून मी फोटोवर बसून एकेक रेष हातानं ओढते आणि प्रत्येक भागाची उंची स्वतः ठरवते.

अकरा दिवस मी तेच केलं. तिरका फोटो सरळ करून घेतला. नवरीच्या खांद्याआड गेलेला रेडा दुसऱ्या रथांवरचे रेडे बघून पुरा केला. हेगडेंच्या बायकोला, गौरक्कांना, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांना रोज थोडं थोडं पुसताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. देवीचे आठ हात, शस्त्रं, मुकुट, सगळं हातानं झालं. चेहरा मात्र फोटोत इतका छान आला होता की तेवढा मी सॉफ्टवेअरवर सोडला. दमले होते, हे मी नंतर सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं म्हणजे मला चेहऱ्याची भीती वाटत होती. अज्जांनी कोरलेल्या चेहऱ्यावर मी कुठे हात चालवू?

पाव आकाराचा एक नमुना थर्माकोलमध्ये कापून पाहिला. बरा वाटला. मग हेगडेंनी आणलेली शिवणीच्या लाकडाची फळी मशीनवर चढवली. तीन फूट उंच, अडीच फूट रुंद, अखंड. त्यांच्या माळ्यावर अकरा वर्षं सुकलेली. एवढी रुंद सुकी शिवण आता मागून मिळत नाही. माझ्याकडून ही फळी फुकट गेली, तर यंदाचा रथ रंगवलेल्या पाटीनिशी निघणार आणि हेगडेंना समितीत मान खाली घालावी लागणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मशीन थराथरानं उतरतं. एका थराला चार मिलिमीटर, दर थरात फळीच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेकडे जात. पहिले दोन थर नीट उतरले. तिसरा सकाळी अकराच्या सुमारास सुरू झाला. अर्धा तास उभी राहून पाहिलं, मग कॉफी घ्यायला घरात आले.

आईनं तो थर्माकोलचा नमुना हौसेनं अंगणाकडच्या ओट्यावर नेऊन ठेवला होता. अप्पा तिथे बसले होते, नमुना मांडीवर, आणि डाव्या हाताचा अंगठा देवीच्या चेहऱ्यावरून फिरवत होते.

"हिच्या गालाला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थर्माकोल आहे अप्पा, दाणे निघतात.

"दाणा निघाला तर कड खरखरीत लागते. ही गुळगुळीत आहे. हे निघालेलं नाही, कापलेलं आहे."

मी अंगठा लावला. नखाएवढा खळगा. पाव आकाराच्या नमुन्यात नखाएवढा, म्हणजे फळीवर किती, हा हिशेब मनात पुरा व्हायच्या आत मी अंगणातून धावत सुटले होते.

मशीनशेजारच्या पडद्यावर फोटो उघडून चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. डाव्या गालावर एक सावली होती. काजळी समजून मी तिच्याकडे शंभरदा पाहिलं होतं. ती गौरक्कांच्या हाताची सावली होती; फोटो काढताना त्यांनी कपाळाशी हात आडवा धरला होता. हात मी पुसला होता. सावली तशीच राहिली होती. गाल नऊ मिलिमीटर खोल हवा. फाइलमध्ये होता एकवीस.

कटर देवीच्या गळ्यापाशी पोचला होता. हनुवटी दोन बोटं दूर. तो डावीकडून उजवीकडे गेला, एक पाऊल वर सरकला आणि परत फिरला.

काम तात्पुरतं थांबवायचं साधं बटण आहे. ते दाबलं असतं तर मशीन जागच्या जागी, सगळं ध्यानात ठेवून थांबलं असतं. मी घाबरून तांबडं बटण दाबलं. त्यानं वीजच तुटते. कटर थांबला, पण आपण कुठे आहोत हे मशीन साफ विसरलं. सुरुवातीला ज्या कोपऱ्यावरून मी माप लावलं होतं तो कोपरा तर पहिल्याच थरात कापून गेला होता.

मी खाली बसले. गाल वाचला होता, पण आता मशीनला नेमकी तीच जागा पुन्हा दाखवता आली नाही तर पुढची प्रत्येक रेष मागच्या रेषेशी चुकणार होती.

दारात अप्पा उभे होते. चौकटीला धरून, चप्पल काढून, देवळात येतात तसे.

"थांबलं का?" त्यांनी विचारलं.

मी थांबलं म्हणाले आणि रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग फळीजवळ आले, कापलेल्या पायऱ्यांवरून बोटं फिरवली आणि विचारलं, आता याला काय हवं?

मी सांगितलं. आधीच कापलेल्या एका पायरीच्या कडेला कटर टेकवायचा, मध्ये पातळ कागद धरायचा. कागद अडेल न अडेल इतका सरकला पाहिजे. त्यासाठी एकानं मशीन केसाकेसानं खाली आणायचं आणि दुसऱ्यानं कागद ओढत राहायचं.

"दे कागद," अप्पा म्हणाले.

त्यांचा डावा हात कागदावर, माझं बोट बटणावर. उभं माप एकदा, दोन्ही आडवी मापं एकेकदा. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, अजून, अजून, आणि मग एकदम, "बस." दुपारच्या जेवणाला आई दोनदा हाक मारून गेली. आम्ही ओ दिली नाही.

माप लागलं. गालाचा प्रश्न तसाच होता. सावलीखाली काय आहे ते फोटोत नव्हतंच. मी म्हटलं, उजवा गाल उलटा करून डावीकडे लावते. अप्पांनी मान हलवली.

"मान वळलेली आहे तिची. दोन्ही गाल सारखे कसे असतील? मी विशीत असताना महिनाभर खरवतीच्या खरखरीत पानांनी घासलीय ही फळी. माती आण."

गणपतीच्या मूर्तींची माती घरात होती. अप्पांनी डाव्या हातानं चेहरा केला. दोनदा मोडला. त्या हाताला सवय नव्हती. ओठ वाकडे झाले, नाक बसकं. ते म्हणाले, ओठ-नाक तुझ्या फोटोत आहेत, ते तिथून घे, इथून फक्त गाल घे. मी खोलीमापकानं त्या गालावरची एकोणीस ठिकाणं मोजली, फाइलमध्ये भरली, आणि फळी न हलवता तिच्या शेजारी पुन्हा थर्माकोलमध्ये कापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. "कानाकडे जरा जास्त फुगलाय." मी कमी केला. तिसऱ्या खेपेला अंगठा कुठेच अडला नाही. त्यांनी नमुना खाली ठेवला आणि फळीकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं. कटर हनुवटीवर आला तेव्हा माझा हात बटणावर होता; या वेळी बरोबर बटणावर. तो गालात शिरला, हवा तेवढाच उतरला, आणि वर निघाला. अप्पा स्टुलावर बसून होते. दोन दिवस ते त्या स्टुलावरून फारसे उठले नाहीत.

फळी पूर्ण झाल्यावर दिसलं की देवीच्या एका दंडावर केसाएवढी पायरी राहिलीय. तिथेच मशीन थांबलं होतं. मी घासून काढायला निघाले तर अप्पा म्हणाले, घासून दंड चपटा होईल. त्यांनी आपली बारीक पटाशी माझ्या हातात दिली आणि कसं धरायचं, कुठल्या बाजूनं लाकूड सोलायचं ते शब्दांनी सांगत बसले. पायरी गेली. थोडीशी खूण राहिली, ती माहिती असलेल्यालाच दिसते.

हेगडे फळी न्यायला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तांबडं बटण, माप, आणि सावली कुणाची होती तेही. न सांगता चाललं असतं, पण त्यांनी माझ्यासाठी चौघांशी वाद घातला होता.

त्यांनी देवीच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ऊन येत होतं तिच्या डोळ्यांवर. फोटोवाला हात खाली घ्या म्हणत होता. ही ऐकेल तर ना." आणि रुमाल काढून तोंड पुसलं.

फळी रंगवून रंगारी तीनच दिवसांत मोकळे झाले. रथ ओढला तेव्हा लोक प्रथेप्रमाणे रथावर केळी फेकत होते, आणि मी देवीकडे न बघता फळीच्या चार बोल्टांकडे बघत होते. रथ वेशीपर्यंत जाऊन परत आला. काही ढिलं झालं नाही.

पुढच्या सोमवारी मी शेड उघडली तर अप्पा मागोमाग आले. टेबलावर कुणाच्या तरी दाराच्या नक्षीचा फोटो पडला होता. त्यांनी तो उचलला, खिडकीकडे धरला आणि विचारलं, "हा काढला तेव्हा ऊन कुठल्या बाजूला होतं?"