शंकर नगरचा सात आणि मी

मित्रांनो, मी चार लाख ब्याण्णव हजार एक. रायपूरच्या सदर बाजाराचा जुना पिनकोड. पाकिटावर मला ४९२००१ असं लिहितात. माझं सगळं छान चाललं होतं. पण माझ्यापासून सहा घरं पुढे तो ४९२००७ बसलाय ना, शंकर नगरचा, त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं.

रेल्वेतून निवृत्त झालेले गुलाबराव, त्यांची मुलगी सुनीती आणि नात श्रावणी, तिघंही सदर बाजारातच राहायचे. मग ते शंकर नगरला गेले. पण गुलाबराव पत्ता सांगताना अजून मलाच सांगतात. नागपूरहून त्यांच्या बहिणीने, वनमालाताईंनी, पाठवलेला फराळ जुन्या घराखालच्या कापड दुकानात येतो आणि गुलाबराव स्कूटर काढून तो आणायला जातात. सुनीती कपाळाला हात लावते. मला मात्र फार बरं वाटतं.

यंदा मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांना आवडत्या संख्येवर बोलायचं होतं. श्रावणी आम्हा दोघांपैकी एकाला मंचावर नेणार होती. मी म्हटलं, जाईन तर मीच.

तिने मला दोनने, तीनने, पाचने भागून पाहिलं. मी दाद दिली नाही. एकोणतीसपर्यंत येऊन ती दमली. "आजोबा, ये तो प्राइम है, मूळ संख्या."

मी फुगलो. एक आणि ती स्वतः, एवढ्यांनीच जिला पूर्ण भाग जातो ती मूळ संख्या. आमच्यात तो मोठा मान असतो.

"थांबली काहून? एकतीसनं भागून पाह ना," पोळ्या लाटता लाटता सुनीती म्हणाली.

झालं. एकतीसने मी तुटलो. मग एकोणसाठने तुटलो, उरले दोनशे एकोणसत्तर, तेही मूळ. म्हणजे मी साधी संयुक्त संख्या. मग तिने शंकर नगरच्या सातला घेतलं. कॅल्क्युलेटर घेऊन सातशे एकपर्यंत गेली. सातशे दोनचा वर्ग त्याच्याहून मोठा, म्हणून पुढे बघायची गरजच नव्हती. मेला कुठेच तुटला नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

मंचावर श्रावणी म्हणाली, "शंकर नगर का नंबर प्राइम है, पर अकेला है. हमारे पुराने नंबर में तीन मूळ संख्या रहती हैं, तीनों अलग. जैसे आजोबा, आई और मैं."

टाळ्या माझ्या होत्या मित्रांनो, माझ्या एकट्याच्या. मग बक्षिसाचं पुस्तक पोस्टाने पाठवायला मंडळाच्या माणसाने पिनकोड विचारला. श्रावणी म्हणाली, "चार नौ दो शून्य शून्य सात." म्हणजे टाळ्या मला आणि बक्षीस त्याच्या घरी.

तेवढ्यात मागून गुलाबराव म्हणाले, "शेवटी सात नाही, एक लिहा भाऊ. मी घेऊन येतो ना सदर बाजारातून."

सुनीतीने कपाळाला हात लावला.

तर मित्रांनो, घर बदललं तरी जुन्या पत्त्याला विसरू नका. मला भागायला घेतलंत तर एकोणतीसवर थांबू नका, माझे तिघंही त्याच्या पुढेच बसलेत. आणि त्या सातचं कौतुक करायचंच असेल, तर निदान माझ्या कानावर येऊ देऊ नका.