देवमनच्या नळीतला रंग

लाकडी मांडणीत सहा परीक्षानळ्या होत्या. पहिलीत ऊर्ध्वपातित पाणी. दुसरीत त्याच पाण्यात विरघळवलेली डीडीएसची, म्हणजे कुष्ठरोगावरची, गोळी. तिसरीत माझी स्वतःची लघवी, चौथीत गंगूची, पाचवीत तिच्या भावाची, देवमनची. सहावी रिकामी, एखादी फुटली तर असावी म्हणून. तपासणीची तिन्ही द्रावणं प्रत्येक नळीत एकामागून एक थेंबाथेंबाने घातली आणि थांबले. दुसरी नळी गडद जांभळी झाली. ती व्हायलाच हवी होती. पहिली आणि तिसरी स्वच्छ राहिल्या. चौथीत फिकट गुलाबी रंग आला. पाचवीतही आला, अगदी तेवढाच.

देवमनच्या नळीत रंग येण्याचं काही कारण नव्हतं. त्याला कुष्ठरोग नव्हता आणि तो आमची गोळी घेत नव्हता. म्हणूनच तर मी त्याची लघवी मागितली होती. गंगूच्याच घरातला, त्याच विहिरीचं पाणी पिणारा, त्याच तव्यावरची भाकरी खाणारा, फक्त गोळी न घेणारा मुलगा मला तुलनेसाठी हवा होता.

हे १९७५ सालचं. अकोल्याला रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले आणि वाशीमला एका संस्थेच्या कुष्ठरोग केंद्रात लागले. भाड्याच्या दोन खोल्या. तिथे डॉक्टर, मी आणि मदनसिंग. मदनसिंग सायकलवरून गावोगाव फिरायचा, महिन्याच्या गोळ्या डबीतून द्यायचा आणि रिकामी डबी परत आणायचा. लघवी तपासून औषध पोटात जातं की नाही हे ओळखायची पद्धत डॉक्टरांनी एका मासिकात वाचली होती, आणि ती करून बघायचं काम माझ्याकडे आलं होतं.

गंगू आसेगावची, बारा वर्षांची. कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता, तिथे सुई टोचली तरी तिला कळत नसे. वर्षभर रोज एक गोळी चालू होती. चट्टा तसाच राहिला, आणि आता उजव्या हाताची करंगळी वाकायला लागली होती. डॉक्टरांनी तिला बोटं ताठ करायला सांगितली आणि मी माझ्या कंपासपेटीतला कोनमापक लावला. वीस अंश. कोनमापक लाकडी होता, एखादा अंश इकडेतिकडे धरावाच लागे.

"गोळी पोटात जात असूनही बोट वाकत असेल," डॉक्टर मला म्हणाले, "तर हे औषध हिच्यावर चालत नाही. मग हिला मोठ्या इस्पितळात ठेवावं लागेल. आणि जातच नसेल, तर आधी ती जाऊ दे. तू मला एवढंच सांग, जाते की नाही."

मोठं इस्पितळ म्हणजे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतलं. तिथे गेलेलं माणूस परत आलेलं आसेगावात कोणी पाहिलं नव्हतं. गंगूचे वडील शेषराव डॉक्टरांना दर खेपेला एकच विचारायचे, "घरीच ठेवता येईन ना जी?" त्याचं उत्तर माझ्या नळीतून यायचं होतं. आणि नळी म्हणत होती, जाते, थोडीशी. आणि तिच्या भावाच्याही पोटात जाते.

"बाई, तुमी बाटल्या अदलाबदल केल्या असतीन," मदनसिंग म्हणाला.

"दोन्हींत सारखाच रंग आहे. अदलाबदल करून काय होणार?"

"मंग मायनं एकाच पोट्ट्याची दोन बाटल्यात भरली. कोन धावते पोट्ट्यायच्या मागं बाटल्या घेऊन?"

हे पटण्यासारखं होतं. आणखी एक शक्यता होती, ती म्हणजे सल्फाच्या गोळ्या. हगवणीवर त्या देतात आणि त्यांनीही हाच रंग येतो. मी मदनसिंगला विचारलं, गंगूची गोळी चुकत तर नसेल?

"डबी दर महिन्याले रिकामी भेटते. आता काय चाटून पाहू?"

दोन दिवसांनी मी बसने आसेगावला गेले. या वेळी चारही भावंडांना बाटल्या दिल्या. गंगू, देवमन, सात वर्षांचा गोविंदा आणि पाच वर्षांची बेबी. एकेकाला घरामागे पाठवलं, तिथवर स्वतः गेले आणि प्रत्येक बाटलीवर लगेच नाव चिकटवलं. गोविंदाला हा खेळ फार आवडला, त्याने दुसरी बाटलीही मागितली. मुलांची आई भागिरथा उंबऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती.

"यायले कोनाले हगवण लागली होती का? कसल्या गोळ्या दिल्या होत्या?" मी तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला.

"हगवण? नाई व माय. दगड पचते यायले."

वाशीमला येऊन तपासलं. चारही नळ्या फिकट गुलाबी. पाच वर्षांच्या बेबीचीसुद्धा.

मग विहिरीचं पाणी आणवून तपासलं. स्वच्छ. त्यांच्या घरचा गूळ तपासला. स्वच्छ. द्रावणं नव्याने बनवली, नळ्या उकळून घेतल्या, माझी लघवी पुन्हा तपासली. स्वच्छ. कॉलेजात असं झालं की सर म्हणायचे, तुमच्या हाताची चूक आहे. मी डॉक्टरांना तेच सांगितलं, की माझी तपासणीच चुकते आहे.

"मग तुझ्या नळीत रंग का येत नाही?"

"मी आसेगावची नाही, एवढंच सुचतंय."

डॉक्टर हसले नाहीत. "सकाळच्या पहिल्या बसने जा. गोळी देतात तेव्हा तिथे बस आणि बघ."

मी पोचले तेव्हा चौघं ओट्यावर ओळीने बसली होती, अंगावर शाळेचे कपडे. भागिरथाने डबीतून एक गोळी काढली, अडकित्त्यात धरली आणि दाबली. दोन तुकडे झाले. मग प्रत्येक तुकडा पुन्हा दाबला. उरलेला चुरा तिने बोटाने टिपून सगळ्यांत लहान तुकड्यावर लावला. चार तळहात पुढे आले.

"हे काय करताय?"

"गोळी देऊन राह्यली."

"अहो, पण गंगूला रोज एक गोळी द्यायची आहे."

"मंग एकच तं फोडली," ती म्हणाली आणि डबी माझ्यापुढे धरली. "मोजून घ्या. मदनसिंग भाऊ म्हनले, रोज एक गोळी. एका दिवशीबी दोन नाई काढल्या."

"पण ती चौघांना कशी?"

"मंग कोनाले नाई द्याची? तुमीच सांगा. एका लेकराच्या हातावर ठेवलं अन् तिघायनं पाह्यलं, असं आमच्या घरी होत नाई. बोरं आनली तं चार वाटे. अंडं उकडलं तं चार वाटे."

आतून शेषरावांचा आवाज आला. "माह्या बापाले पाटलाच्या लग्नात पंगतीबाहेर बसवत, बाई. उरलंसुरलं वाढत. माह्या घरात पंगत एकच हाय."

"ही बोरं नाहीत," मी म्हणाले. "औषध आहे."

भागिरथा माझ्याजवळ सरकली आणि एकदम हळू बोलायला लागली. "जोरात बोलू नका. समोर रंगूबाई पाहून राह्यली. चारी पोट्टे ताकतीची गोळी खातेत, एवढंच गावाले मालूम हाय. एकटी गंगू खाईन तं उद्या शाळेत तिच्यापाशी कोन बसन?"

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी खरंच आमच्याकडे बघत डाळ निवडत होती.

माझं कोडं सुटलं होतं. पाव गोळी, म्हणून पाव रंग, आणि चौघांत सारखा. पाव गोळीने आजार बरा होत नाही, उलट जंतू त्या औषधाला सरावू शकतात, असं मी सांगितलं. भागिरथाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोनी आधी काहून नाई सांगतलं?" मदनसिंगने रोज एक गोळी सांगितली होती, आणि रोज एकच गोळी संपत होती.

"बाई," गंगू म्हणाली. तिने तुकडा अजून तोंडात टाकला नव्हता. "थे गोळी कोनाची हाय?"

"माही!" गोविंदा ओरडला.

"तू चूप रे. बाई, तुमी मलेच हात सरळ कर म्हनता. देवमनले कधी म्हनत नाई. सुईबी मलेच टोचता." ती आईकडे वळली. "माही हाय ना?"

भागिरथाने अडकित्ता मिटला, पुन्हा उघडला. मला वाटलं, ती काहीतरी दुसरंच सांगेल. मीही मनात एक खोटं वाक्य जुळवत होते.

"तुही हाय," ती म्हणाली.

"मंग ताकतीची नोहे?"

"तुह्या हाताची हाय. बोट वाकते ना, त्याची."

गंगूने स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं. मग देवमनपुढे हात केला. "आन." त्याने तुकडा दिला. गोविंदाने मूठ घट्ट मिटली, ती तिने एकेक बोट उघडून सोडवली. बेबीचा तुकडा तिच्या तोंडात गेला होता, आणि काही चुकलं असं वाटून ती रडायला लागली. गंगूने तीन तुकडे तोंडात टाकले आणि वरून पाणी प्यायली.

"अन् आमाले काय?" देवमनने विचारलं.

भागिरथाने माझ्याकडे पाहिलं. "सांगा आता. यायच्या हातावर काय ठेवू? थे रंगूबाई बसलीच हाय."

मी वाशीमला परत येईपर्यंत त्यावर विचार करत होते. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे औषध चालत नाही की पुरत नव्हतं, हे आपल्याला माहीतच नाही. वर्षभर काही माहीत नव्हतं, एवढं माहीत झालं." मग म्हणाले, "त्या तिघांना कॅल्शियमच्या गोळ्या ने. पांढऱ्या असतात. गंगूला पुरी गोळी, तीन महिने. मग कोन मोजू. वाढला असेल तर तिला पाठवायचं. नसेल तर घरी."

पुढच्या सोमवारपासून आसेगावच्या त्या ओट्यावर चार तळहातांवर चार गोळ्या पडायला लागल्या. कॅल्शियमची गोळी मोठी होती, म्हणून गोविंदा खूश होता. महिन्याने गंगूची नळी गडद जांभळी झाली, बाकी तिघांच्या स्वच्छ. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, पण ते संध्याकाळपर्यंतच टिकलं. कारण नळीत फक्त औषध दिसत होतं. करंगळीचं काय, ते त्यात दिसत नव्हतं.

आणि गंगू बदलली होती. पूर्वी मी गेले की पळत यायची. आता उजवा हात पोलक्याच्या टोकाखाली धरून यायची आणि प्रश्न विचारायची. बेबीले कडेवर घेतलं तं चालते का? देवमनले होईन का? मलेच काहून झालं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी पुस्तकात पाहून दिली. तिसऱ्याचं पुस्तकात नव्हतं. एकदा तिने गोळी दोन दिवस घेतली नाही. भागिरथाने विचारलं तर म्हणाली, "घेतली का बोटाची याद येते." तिसऱ्या दिवशी देवमनने आपली गोळी हातात धरून सांगितलं, तू खाशीन तवा मी खाईन. मग तिने घेतली.

तीन महिने झाल्यावर शेषराव तिला घेऊन बसने वाशीमला आले. भागिरथाने एक गाठोडं बरोबर दिलं होतं. त्यात काय आहे असं मी विचारलं नाही. वरून दोन पोलकी आणि एक चादर दिसत होती. शेषराव बाकावर बसले नाहीत. "मोजा जी आधी," ते म्हणाले. "मंग मले सांगा, कोनत्या बसनं जाचं."

गंगूने हात टेबलावर ठेवला. डॉक्टर म्हणाले, बोटं ताठ कर, जेवढी होतात तेवढी. तिने दात दाबून बोटं ताठ केली. मी कोनमापक लावला आणि आकडा वाचला. डॉक्टरांनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतः लावला. मग मला पुन्हा लावायला सांगितला.

वीस. एकवीस. वीस.

"आसेगावच्या," डॉक्टर शेषरावांना म्हणाले.