रंजिताची कॉइल

नाचणगावच्या रंजितानं दोन वर्षं खपून तांब्याच्या पट्ट्यांची ती कॉइल बनवली होती. एमआरआयच्या यंत्रात माणसाच्या पोटावर ठेवली, की यकृतातल्या फॉस्फरसचा बारीकसा संकेत ती पकडणार आणि यकृत ऊर्जा कशी वापरतं ते सुई न टोचता कळणार. फॉस्फेटच्या पाण्याच्या बरण्यांवर ती छान चालली होती. आज वर्ध्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा माणसावर बघायचं होतं, आणि ठरलेला माणूस ऐनवेळी आलाच नाही.

"रंजिता, तूच झोप," विभागप्रमुख म्हणाले. "तुझ्याहून खात्रीचं कोण?"

दिवस गेल्याचं तिनं नवऱ्याला, रुपेशलाही सांगितलं नव्हतं. विभागात तिच्या आधी असलेल्या मुलीला दिवस गेल्यावर 'आराम कर' म्हणून घरी पाठवलं, ती परतलीच नव्हती.

रंजिता टेबलावर बसली. यंत्र चालवणाऱ्या नलूताईंनी नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"अंगात सळई, मशीन काही?"

"नाही."

"विचारा लागते म्हणून विचारून राह्यली, मॅडम. दिवस-गिवस नाई ना गेले?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. तिचा हात आपसूक पोटावर गेला. नलूताईंची नजर त्या हातावर गेली.

"गेलेत," रंजिता म्हणाली.

सर रागावले नाहीत, उलट हसले. "अगं, एवढी गोड बातमी कशाला लपवलीस?" तिच्या जागी सोबतचा नयन आत झोपला. नयन अंगानं दांडगा. त्याच्या पोटावर कॉइलचं गणितच बिघडलं. पडद्यावर नुसता गोंगाट. कॉइल जुळवायला रंजिता उठली, तसं सरांनी दार अडवलं. "तू आत नको जाऊस." मग नलूताई आत गेल्या आणि रंजिता माइकवरून सांगत राहिली, "डावीकडचा स्क्रू... मागं... अजून थोडा... बस." पडद्यावर संकेताचं एकेक शिखर उभं राहिलं.

टाळ्या झाल्या. सर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो, यशस्वी. आता पुढचं सगळं नयन बघेल."

तेवढ्यात दारात रुपेश. सरांनी मघाशीच त्याला कळवलं होतं. चेहरा नुसता फुललेला.

"मले काऊन नाई सांगतलं? चाल, मायनं गाडीत उशी ठेवून देल्ली."

"काम आहे मले."

"आता कायचं काम? सरांनी सुट्टी देल्ली न तुले."

सगळेच इतकं गोड बोलत होते, की भांडायला कुणी सापडेना. ती मुकाट गाडीत बसली. पुलगावच्या रस्त्याला लागताच रुपेश बाळाची नावं सुचवू लागला.

"उद्या मी येणार आहो," ती म्हणाली.

"बरं, बरं," म्हणत त्यानं पुढचं नाव सांगितलं.