भाकरी तडकत नव्हती

खायला काळ आणि भुईला भार, असं माझ्या सासूबाई, सरलाबाई, मला पूर्वी तोंडावर म्हणायच्या. राग यायचा, पण खोटं म्हणायची सोय नव्हती. लग्न होऊन धुळ्याहून सुरतेला आले तेव्हापासून मी परातभर खायची आणि दिसायची मात्र काडीसारखी. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा सगळं मध्येच संपलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, सुषमाला गहू चालत नाही. जन्मभर नाही. थोडा जरी पोटात गेला तरी आतडं सोलवटतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून ही भूक.

आम्हा खानदेशी माणसांना यात अवघड ते काय? ज्वारीच्या भाकरीवर तर वाढलो. सुरतेत येऊन पोळी खायला लागलो आणि स्वतःला मोठे समजायला लागलो, एवढंच. मी गहू सोडला. अंगावर मांस चढलं, आणि सत्त्याण्णवच्या श्रावणात मला चौथा महिना लागला.

सासूबाई तर बदलूनच गेल्या. चक्कीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून माझी ज्वारी त्या घरी जात्यावर दळायच्या. डबा वेगळा, तवा वेगळा. भाकरीही त्याच थापायच्या, मला खाली बसू द्यायच्या नाहीत. माझा नवरा चेतन कडोदऱ्याला लूमवर जायचा, तो म्हणायचा, माझी आई अशी गोड कधी झाली?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यात कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. ते घरच्यांनीच खायचे. रोट आणि उरलेलं पीठ पुनवेच्या आत संपवायचं, कणसुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्या रविवारी मी माझी भाकरी घेऊन लांब बसले. सासूबाई देवीपुढे बराच वेळ डोकं टेकून होत्या.

कानबाई तापीत बोळवली आणि त्यानंतर मला भूक लागायला लागली.

भूक म्हणजे कशी, तर भाकरी खाताना पुढची भाकरी डोळ्यांसमोर यायची. हात धुतला की पुन्हा पोटात आग. कच्चे शेंगदाणे फडक्यात बांधून जवळ ठेवले, ते संपले. तांब्याभर पाणी पिऊन पोटाला फसवून बघितलं, तेही फसेना. धुणं पिळता पिळता मी उभ्याउभ्या मूठभर कच्चे तांदूळ चावायची. पोट फुगलं होतं, सारखं परसाकडे पळावं लागत होतं. ही खूण माझ्या चांगली ओळखीची होती.

पण सासूबाई ताटात आणखी एक भाकरी टाकत म्हणायच्या, "खाय माय, खाय. पोटमातलं मांगी ऱ्हायनं." चेतन केळी घेऊन यायचा आणि हसायचा, "पहिलवान येई ऱ्हायना वाटस." मला ते खरं वाटायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खाण्याचं घरात कौतुक होत होतं. मी मनाला बजावलं, गव्हाला तू शिवलीसुद्धा नाहीस, ही भूक बाळाचीच. आणि मी सुखाने खात राहिले.

एके दुपारी सासूबाई शेजारच्या पुष्पाबाईंकडे गेल्या होत्या. मला धीर धरवेना. मी माझा डबा काढला आणि भाकरी थापायला बसले. माझी भाकरी कडेने नेहमी तडकते, आईनेही त्यावरून कमी चिडवलं नाही. ही मात्र परातीत गोल फिरत वाढतच गेली, कडेला एक भेग नाही. मी बाजूचा गोळा घेऊन ओढला. ज्वारीचा गोळा ओढला की तुटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतं. तो लांबला.

तव्यावर टाकलेली भाकरी फुगली, तिचा वास सुटला आणि माझ्या तोंडाला पाणी आलं. सगळं कळूनही पाणी आलं, याची मला शिसारी आली. मी ती तव्यावर तशीच करपू दिली आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

सासूबाई आल्या. मी विचारलं, "आत्याबाई, ह्या पिठमा काय मिसाळं?"

त्या लपवाछपवी करणाऱ्यातल्या नव्हत्या. पदर सावरत म्हणाल्या, "रोटनं पीठ. पोटमातलाना नावनी बी मूठ टाकेल शे मी. तू खाशी नही, तर त्याना वाटाना रोट त्याले कोन दी?" मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाल्या, "देवीना परसाद शे, माय. त्यानी काय व्हस?"

मला त्यांचा संताप आला, गळा धरावा इतका. आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, कारण माझ्या बाळाला माणसात धरणारी या जगात ती पहिली बाई होती.

पीठ त्याच दिवशी बंद झालं. भूक काही लगेच बंद होणारी नव्हती. पुनव झाली, आणि नंतर एका सकाळी मला रक्त दिसलं. याही वेळी सगळं मध्येच संपलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, त्या पिठानेच झालं का? त्या म्हणाल्या, तसं खात्रीने सांगता येत नाही. चेतनने मान हलवली. सासूबाई दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी भात केला. मी जेवले. पुन्हा मागितला, पुन्हा जेवले. तिसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा चेतन उठून बाहेर गेला. सासूबाईंनी पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि तोंड फिरवलं. खाय म्हणाल्या नाहीत. ही भूक कुणाची, हे आता घरात सगळ्यांना माहीत होतं. मी पातेल्यातून खात राहिले.