छातीचं हाड

दामूनं ट्रंकेतून छातीचं हाड काढलं, उजेडात धरलं आणि त्याला कुठली बरगडी कुठे जोडलेली असते ते इंग्रजीत मोठ्यानं म्हणू लागला. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात तो शरीररचनेत नापास झाला होता आणि फेरपरीक्षा आठवड्यावर आली होती. माणसाचा अभ्यास शिरगावात, बोंबलांच्या वासात करावा लागतो याचीच त्याला चीड होती.

"शकू, तुझा डागतर कोणाला शिव्या देतो गो?" बाहेर वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत टाकणाऱ्या गोजराबाईनं विचारलं. "मासा कापताना पळायचा, आन् मान्सं कापायला निघालाय!"

बायका हसल्या. दामूनं खिडकी लावून घेतली.

शकूकाकी ओले हात लुगड्याला पुसत आत आली आणि हाड पाहून थबकली. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. दामू मॅट्रिकला असताना काका होडीसकट बुडाला. होडीवरच्या एकाचंही प्रेत मिळालं नाही, म्हणून त्यांच्या बायकांनी कुंकू पुसलं नव्हतं. पलीकडे तारापूरला अणुभट्टी उभी राहत होती आणि इथे या बायका बुडालेल्या नवऱ्यांच्या नावानं रोज कुंकू लावत होत्या. दामूला त्यांची कीव येत नसे, लाज वाटे.

"खरं हाय ते?"

"मग काय, लाकडाचं?"

"कोणाचं रं?"

"बेवारशाचं. बंदरात, खाडीत प्रेतं सापडतात. ज्यांना कोणी न्यायला येत नाही, ती कॉलेजात येतात. नाव नाही, गाव नाही."

"दर्यात गेलेली बी?"

"कुठलीही."

त्यानं फुफ्फुसांचं प्रकरण उघडलं. काकी गेली नाही, उंबऱ्याशी टेकली.

"बुडताना मान्साला काय होतं?"

या घरात पहिल्यांदाच कोणी त्याला उत्तर येईल असा प्रश्न विचारला होता. त्यानं घसा साफ केला आणि ढ मुलाला सांगावं तसं सांगितलं. आधी घसा आवळतो, पाण्याला आत येऊ देत नाही. मग शुद्ध जाते, घसा सैल पडतो. पाणी श्वासनळीतून फुफ्फुसांत उतरतं, हवेच्या बारीक पिशव्या भरून जातात आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो.

"लई तरास होतो?"

"पुस्तकात तसं दिलेलं नाही."

काकी उठली. "वाच तू," म्हणाली.

सकाळी छातीचं हाड जागेवर नव्हतं. दामूनं ट्रंक उपडी केली, मग तो तडक किनाऱ्याकडे निघाला. काकी समोरूनच येत होती, कमरेपर्यंत भिजलेली. हातात बांगड्या नव्हत्या. कपाळ मोकळं होतं. ते त्याला दिसलं, पण विचारलं त्यानं दुसरंच.

"हाड कुठाय?"

"सोडलं दर्यात."

"सोडलं? ते सीनियरचं आहे, त्याला परत द्यायचंय! आणि ते काकाचं होतं असं सांगितलं कोणी तुला? अक्कल गहाण टाकलीस काय?"

"नसंल त्यांचं," काकी म्हणाली. "कोणाचं तरी हाय ना? त्याच्या घरची बी बसली आसंल, माझ्यासारखी."

ती वाळूतून पुढे चालू लागली. या माणसांत आपण जन्मलो कसे, हे दामूला कुठल्याच पुस्तकात सापडणार नव्हतं.

घरी येऊन त्यानं उरलेली हाडं ट्रंकेत भरली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. दुपारची गाडी पकडायची, पालघर गाठायचं आणि परीक्षेपर्यंत मुंबईला हॉस्टेलवर राहायचं, असं ठरवून तो ट्रंकेवर बसला आणि छातीच्या हाडाचं चित्र घोकू लागला. चित्रात ते फारच स्वच्छ होतं.

दारातला उजेड कमी झाला. गोजराबाई उभी होती, काकासोबत बुडालेल्या तांडेलाची बायको. तिच्यामागे नवरे त्याच होडीवर गेलेल्या आणखी दोघी. तिघींच्या कपाळावर कुंकू होतं, आज जरा जास्तच ताजं.

दामू टोमण्याची वाट पाहत राहिला. गोजराबाई खाली ट्रंकेकडे पाहत होती.

"दामूबाबा," ती म्हणाली. अशी हाक तिनं त्याला कधी मारली नव्हती.

त्याचा हात खिशावर गेला.

"बारकं असलं तरी चालंल."